दारातून वाचलेला इतिहास: शिकागोचा हवामानशास्त्र विभाग आणि ‘युद्धाने विज्ञान घडवले’ ही दंतकथा

१.
शिकागो विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागाची गोष्ट बहुधा एकाच साच्यात सांगितली जाते. दुसरे महायुद्ध आले, वैमानिकांना हवेच्या अंदाजाची गरज भासली, कार्ल-गुस्ताफ रॉस्बी नावाचा प्रतिभावंत पुढे सरसावला आणि काही वर्षांतच आधुनिक वातावरणविज्ञान उभे राहिले. गोष्ट सुटसुटीत आहे आणि थरारकही आहे. मात्र ती अर्धीच आहे, आणि अर्धा इतिहास पुष्कळदा पूर्ण असत्याचे काम करतो. हा धागा उरलेल्या अर्ध्या इतिहासाचा आहे.

२.
या साच्यात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे की युद्ध विज्ञानाला जन्म देते. दुसरे असे की एक थोर पुरुष संस्था घडवतो. दोन्ही गृहीतके भिंतीवरच्या तसबिरी पाहून लिहिलेल्या इतिहासाची आहेत. तोच विभाग दारातून पाहिला, म्हणजे आत कोणाला घेतले, कोणाला परत पाठवले आणि कोणत्या प्रश्नाला किरकोळ ठरवले हे पाहिले, तर दोन्ही डळमळू लागतात.

३.
प्रथम निर्विवाद गोष्टी. रॉस्बी यांचा जन्म १८९८ मध्ये स्टॉकहोम येथे झाला. १९२६ मध्ये ते अमेरिकेत आले आणि १९२८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी हवामानशास्त्राच्या विद्यापीठीय अध्यापनाचा पाया घातला. वातावरणाच्या वरच्या थरांतील ज्या प्रचंड लहरींवर आजचे अंदाज उभे आहेत, त्यांना त्यांचेच नाव आहे. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या थोरवीच्या सावलीत काय काय झाकले गेले याबद्दल.

४.
१९४०–४१ च्या सुमारास रॉस्बी आणि होरेस बायर्स यांनी शिकागोत हवामानशास्त्राचे अध्यापन उभे केले. युद्धकाळात लष्करासाठी हवामान अधिकारी तयार करण्याचे काम पाच संस्थांकडे आले: मॅसॅच्युसेट्स, शिकागो, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि पासाडेना येथील कॅलटेक. ज्या विषयाला तोवर अमेरिकन विद्यापीठांत जेमतेम जागा होती, त्यात अल्पावधीत काही हजार तरुण प्रशिक्षित झाले. युद्धाने विज्ञान घडवले, असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत मोठा पुरावा हाच.

५.
पण हाच पुरावा नीट तपासावा. कॅलटेकलाही तेच युद्ध लाभले, तेच लष्करी कंत्राट लाभले, तसेच विद्यार्थी लाभले. तरीही १९४८ मध्ये कॅलटेकने आपला हवामानशास्त्र विभाग बंद केला. एकाच कारणाचे दोन ठिकाणी दोन विरुद्ध परिणाम दिसत असतील, तर ते कारण पुरेसे नाही, हा इतिहासलेखनाचा प्राथमिक नियम आहे. युद्धाने पैसा दिला, यंत्रे दिली, विद्यार्थी दिले. त्यांचे विज्ञान करायचे की नाही, हे त्या त्या विभागातील माणसांनी ठरवले.

६.
दुसरा लाडका पुरावा जेट प्रवाहाचा. नोव्हेंबर १९४४ पासून टोकियोवर अतिउंचीवरून बॉम्ब टाकायला निघालेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना पश्चिमेकडून येणाऱ्या विलक्षण वेगाच्या वाऱ्यांनी हैराण केले. ‘युद्धामुळे जेट प्रवाहाचा शोध लागला’ हे वाक्य तेव्हापासून रूढ झाले. हे वाक्य चुकीचे आहे.

७.
जपानमधील तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख ओइशी वासाबुरो यांनी १९२० च्या दशकातच फुगे सोडून या वाऱ्यांची मोजमापे घेतली होती. आपले निष्कर्ष जगाने वाचावेत म्हणून त्यांनी १९२६ मध्ये ते एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केले. जगाने ते वाचले नाहीत. पुढे १९४४–४५ मध्ये जपानने याच वाऱ्यांच्या आधारे सुमारे ९,००० बॉम्बवाहू फुगे अमेरिकेच्या दिशेने सोडले. ज्ञान अस्तित्वात होते. पाश्चात्त्य विज्ञानाच्या दारातून ते आत आले नव्हते, इतकेच. जे आपल्याला ठाऊक नव्हते त्याचा ‘शोध’ आपण लावला, असे सांगणे हा साम्राज्यांचा जुना शिरस्ता आहे.

८.
युद्ध संपल्यावर या वाऱ्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास शिकागोत झाला, हे मात्र खरे. मध्य अक्षांशांतील वातावरणाच्या अभिसरणावरचा तो प्रसिद्ध निबंध १९४७ मध्ये अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यावर लेखक म्हणून एकाही व्यक्तीचे नाव नव्हते. ‘शिकागो विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागातील सदस्य’ एवढाच उल्लेख होता. फिनलंडहून आलेले एरिक पाल्मेन यांच्यासारखी माणसे त्या मंडळीत होती. विभागाने ज्याचे श्रेय सामूहिक ठेवले, ते पुढच्या लोकप्रिय इतिहासाने उचलून एका माणसाच्या खात्यावर जमा केले. संस्थेने स्वतःविषयी दिलेली साक्षही या साच्याच्या विरुद्ध जाते.

९.
आता दाराकडे वळू. १९४० मध्ये बोस्टनची एक तरुणी शिकागो विद्यापीठात दाखल झाली. विमान चालवण्याची तिला आवड होती आणि वैमानिकाला हवामानाची परीक्षा चुकत नाही. त्या वाटेने ती हवामानशास्त्राकडे आली. रॉस्बी यांच्या युद्धकालीन अभ्यासक्रमात तिने प्रशिक्षण घेतले आणि नंतर लष्करी प्रशिक्षणार्थींना हवामानशास्त्र शिकवले. १९४३ मध्ये पदवी, १९४५ मध्ये पदव्युत्तर पदवी. तिचे नाव जोआन जेराल्ड. पुढे विज्ञानाचे जग त्यांना जोआन माल्कस आणि शेवटी जोआन सिम्प्सन म्हणून ओळखणार होते.

१०.
त्याच शिकागोत लष्कराने चार्ल्स अँडरसन या कृष्णवर्णीय तरुणालाही पाठवले. १९४३ मध्ये त्यांनी तेथे हवामानशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. मग त्यांची नेमणूक झाली ती टस्कीगी येथील कृष्णवर्णीय वैमानिकांच्या तुकडीचे हवामान अधिकारी म्हणून. वर्गात वातावरण एकच होते; लष्कर मात्र वर्णानुसार विभागलेले होते. सैन्यातील हा भेद संपवण्याचा अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश १९४८ मध्ये निघाला. अँडरसन यांना डॉक्टरेट मिळाली १९६० मध्ये, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून. हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन.

११.
म्हणजे युद्धाने दार उघडले, असे कोणी म्हणेल. उघडले, हे मान्य. परंतु कशासाठी उघडले, हा प्रश्न विचारल्यावाचून उत्तर पुरे होत नाही. माणसे कमी पडत होती म्हणून स्त्रिया शिकवू शकत होत्या. विमाने उडवायची होती म्हणून कृष्णवर्णीय अधिकारी शिकू शकत होते. गरजेने उघडलेले दार गरज संपताच आपोआप लोटले जाते. १९४५ नंतर नेमके हेच घडले. युद्धात राबलेल्या स्त्रियांनी आता घरी परतावे, अशी अपेक्षा साऱ्या अमेरिकेत गृहीत धरली गेली. विद्यापीठे तिला अपवाद नव्हती.

१२.
जोआन यांना परतायचे नव्हते. त्यांना डॉक्टरेट करायची होती. पुढे त्यांनी सांगितलेल्या आठवणींनुसार, त्यांना जे ऐकवले गेले त्याचा आशय असा: आजवर कोणत्याही स्त्रीने हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली नाही, पुढेही कोणी मिळवणार नाही, आणि मिळवलीच तरी तिला नोकरी कोणी देणार नाही. दोन वर्षांपूर्वी लष्करी प्रशिक्षणार्थींना तोच विषय शिकवायला ही स्त्री चालत होती, हे लक्षात घ्यावे. तिची पात्रता बदलली नव्हती. बदलली होती ती इतरांची निकड.

१३.
या ठिकाणी हर्बर्ट रील यांचा प्रवेश होतो. युद्धकाळात शिकागो विद्यापीठाने पोर्तो रिकोत उष्ण कटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था चालवली होती आणि रील तेथे काम करून आले होते. १९४७ मध्ये जोआन यांनी शिकागोत त्यांचा अभ्यासक्रम ऐकला आणि आपला विषय हाच, हे त्यांनी ठरवले. रील मार्गदर्शन करण्यास तयार झाले. १९४९ मध्ये जोआन यांना पदवी मिळाली. अमेरिकेत हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१४.
त्यांनी निवडलेला विषय होता क्युम्युलस ढग, म्हणजे कापसाच्या ढिगांसारखे दिसणारे राशिमेघ. रॉस्बी यांची त्यावरची प्रतिक्रिया जोआन यांनी पुढे सांगितली आहे. या ढगांत कोणाला फारसा रस नाही, तेव्हा एका लहान मुलीने अभ्यासायला हा विषय चांगला आहे, अशा आशयाची ती होती. हा प्रसंग आज बहुधा विनोद म्हणून सांगितला जातो. त्यात विनोद नाही. त्या एका शेऱ्यात व्यक्ती आणि विषय यांचे मूल्य एकदमच ठरवून टाकले होते. स्त्री किरकोळ, म्हणून तिला किरकोळ विषय. आणि विषय किरकोळ, म्हणून तो स्त्रीला द्यायला हरकत नाही.

१५.
क्युम्युलस ढग किरकोळ का मानले गेले? त्या काळचे हवामानशास्त्र मध्य अक्षांशांचे होते. नॉर्वेतील बर्गेन येथे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस थंड आणि उष्ण हवेच्या सीमारेषांची, म्हणजे आघाड्यांची, संकल्पना साकारली होती. युरोप आणि उत्तर अमेरिकेचे हवामान तिने उलगडले. रॉस्बी याच परंपरेतून घडलेले. या नकाशात मोठ्या वादळी प्रणाली म्हणजे नायक आणि एकटादुकटा ढग म्हणजे देखाव्यातील सजावट. उष्ण कटिबंध तर बहुतेकांच्या दृष्टीने नकाशाच्या कडेलाच होता, जरी जगातील प्रचंड लोकसंख्या तेथेच राहत होती.

१६.
यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. ढगांत रस नसता तर याच शिकागोच्या बायर्स यांनी १९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत गडगडाटी वादळांचा तो भव्य प्रकल्प कसा राबवला? विमाने थेट वादळात घुसवून वादळाच्या जन्म, भर आणि ऱ्हास या तीन अवस्था त्या प्रकल्पाने निश्चित केल्या. आक्षेप खरा आहे आणि त्यातच उत्तरही आहे. गडगडाटी वादळे विमाने पाडत होती, म्हणून त्यांना आश्रयदाते होते. व्यापारी वाऱ्यांतील शांत राशिमेघ कोणाचे विमान पाडत नव्हते. कोणता ढग महत्त्वाचा, हे पुष्कळ अंशी निधी देणाऱ्यांच्या गरजेने ठरत होते.

१७.
आता त्या ‘किरकोळ’ विषयाचे काय झाले ते पाहावे. विषुववृत्ताजवळच्या कमी दाबाच्या पट्ट्यात समुद्राची उष्णता आणि बाष्प घेऊन हवा वर चढते आणि वरच्या थरांतून ध्रुवांच्या दिशेने वाहते, असे ढोबळ चित्र होते. पण हिशेब जुळत नव्हता. तपांबराच्या मधल्या थरांत उष्णता आणि बाष्प मिळून असणारी ऊर्जा सर्वांत कमी असते. सगळीच हवा संथपणे वर सरकत असेल, तर या ऊर्जादरिद्री थरातून जाताना तिची ऊर्जा सौम्य होऊन जायला हवी. मग वरच्या थरांना उष्णता पुरवतो कोण?

१८.
१९५८ मध्ये रील आणि जोआन माल्कस यांनी उत्तर मांडले. उष्णता वाहून नेतात ते मोजके प्रचंड राशिमेघ. त्यांचा गाभा आजूबाजूच्या हवेत फारसा न मिसळता थेट तपांबराच्या माथ्यापर्यंत पोहोचतो. बाष्पाच्या सांद्रीभवनातून मोकळी होणारी अप्रकट उष्णता त्याला वर ढकलत राहते. अशा ढगांना ‘उष्ण मनोरे’ हे नाव रूढ झाले. त्यांच्या गणितानुसार संपूर्ण विषुववृत्तीय पट्ट्याचा उष्णतेचा हिशेब जुळवायला एका वेळी १,५०० ते ५,००० मनोरे पुरेसे होते.

१९.
या निष्कर्षाचे वजन ओळखायला हवे. ज्यांना देखाव्याची सजावट समजले गेले, ते ढग पृथ्वीच्या अभिसरणाचे इंजिन ठरले. उष्ण कटिबंधीय चक्रीवादळाला शक्ती कोठून मिळते, मान्सूनच्या ढगांत मोकळी होणारी उष्णता त्या अभिसरणाला कसे जोर देते, हे प्रश्न याच धाग्याने विणलेले आहेत. आज हवामानाचे कोणतेही संगणकीय प्रारूप राशिमेघांचा हिशेब ठेवल्यावाचून चालत नाही. त्यांतील सर्वांत अवघड भागांत त्याच ढगांची गणना होते.

२०.
हे काम झाले तेव्हा जोआन शिकागोत नव्हत्या. पदवीनंतर त्यांचा मुक्काम वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेत होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या लॉस एंजेलिसला प्राध्यापक झाल्या आणि १९७९ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात गेल्या. स्वतः रॉस्बी १९४७ मध्येच स्टॉकहोमला परतले होते. १९६१ मध्ये शिकागोने हवामानशास्त्र आणि भूशास्त्र हे विभाग एकत्र करून भूभौतिकीय विज्ञानांचा नवा विभाग केला. ज्या विभागाच्या थोरवीची इतकी पारायणे होतात, त्याचे स्वतंत्र अस्तित्व दोन दशकांच्या आसपासच टिकले.

२१.
विभागाचा खरा वारसा त्याच्या इमारतीबाहेर वाढला. शिकागोतून डॉक्टरेट घेतलेल्या रीड ब्रायसन यांनी १९४८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात हवामानशास्त्राचा विभाग सुरू केला. उपग्रह हवामानशास्त्राचे एक जनक मानले जाणारे व्हर्नर सुओमी यांची डॉक्टरेटही शिकागोचीच, १९५३ ची. रील यांनी पुढे कोलोराडो स्टेट विद्यापीठात वातावरणविज्ञान उभे केले. आणि मद्रासमध्ये जन्मलेले, मान्सूनच्या संगणकीय अंदाजासाठी जगभर ओळखले गेलेले टी. एन. कृष्णमूर्ती १९५९ मध्ये शिकागोतूनच डॉक्टर झाले. दारातून कोण आत आले, यावर विज्ञानाची दिशा किती अवलंबून असते, याचा हा पुरावा.

२२.
दार नेहमी बंदच होते, असेही नाही. युद्धानंतरच्या जपानमधून तेत्सुया फुजिता नावाच्या संशोधकाने गडगडाटी वादळांवरील आपले काम बायर्स यांना पाठवले. बायर्स यांनी ते वाचले, त्याचे मोल ओळखले आणि १९५३ मध्ये फुजिता शिकागोत आले. चक्रीझंझावातांची तीव्रता मोजणारी १९७१ ची श्रेणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. काही वर्षांपूर्वीच्या शत्रुराष्ट्रातील एका अनोळखी माणसासाठी दार उघडू शकत होते, तर स्वतःच्याच वर्गातील विद्यार्थिनीसाठी ते उघडणे अशक्य नव्हते. प्रश्न कुवतीचा नव्हता, इच्छेचा होता.

२३.
आता सर्वांत हमखास येणारा आक्षेप. ‘आजच्या फूटपट्टीने भूतकाळ मोजू नका, तो काळच तसा होता.’ हे वाक्य सावधगिरीचे वाटते, प्रत्यक्षात ते आळशीपणाचे आहे. तो काळ एकजिनसी नव्हता. जोआन यांना नकार देणारे त्याच काळाचे होते आणि त्यांना विद्यार्थिनी म्हणून स्वीकारणारे रीलही त्याच काळाचे, त्याच विभागाचे, त्याच मजल्यावरचे. समकालीनांपैकी कोणीतरी वेगळा निर्णय घेऊन दाखवला असेल, तर इतरांचा निर्णय ही ‘काळाची अपरिहार्यता’ राहत नाही. तो निर्णयच ठरतो आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहते.

२४.
हा प्रश्न अमेरिकेपुरता होता असे मानून सुटका करून घेणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. जन्म १९१८ चा, त्रावणकोरचा. अण्णा मणी यांनी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणिक यांच्या प्रकाशगुणांवर संशोधन केले, निबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण असे की त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. त्यांच्याकडे बी.एस्सी. ऑनर्स होती, संशोधन होते, प्रबंध होता. एक कागद नव्हता.

२५.
अण्णा मणी इंग्लंडला गेल्या, हवामानाच्या उपकरणांचे शास्त्र शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्यात भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या. पुणेकर आजही ज्या जागेला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तेथील हा विभाग. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या उपकरणांऐवजी सुमारे शंभर उपकरणांची प्रमाणित रेखाटने त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली, म्हणजे ती देशातच बनवता येऊ लागली. सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारण्यातही त्यांचा वाटा मोलाचा. डॉक्टरेट त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.

२६.
दोन्ही प्रसंग एकसारखे आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकागोत पूर्वग्रह तोंडाने बोलला, मद्रासमध्ये नियमाने. एका ठिकाणी एक मार्गदर्शक उभा राहिला, दुसरीकडे नियमापुढे रामन यांच्या प्रयोगशाळेचे वलयही पुरले नाही. परंतु दोन्हींतून इतिहासाच्या अभ्यासकाला एकच धडा मिळतो. संस्थेचे चारित्र्य तिच्या संस्थापकाच्या चरित्रात सापडत नाही. प्रवेशाचे नियम, फेटाळलेले अर्ज आणि त्या नियमांना अपवाद करण्याची कोणाची तयारी होती, यांत ते सापडते.

२७.
शेवटचा आक्षेप अधिक सोज्ज्वळ असतो. ‘अखेर त्या यशस्वी झाल्याच ना? मग तक्रार कशाची?’ जोआन १९८६ पासून उष्ण कटिबंधातील पाऊस मोजणाऱ्या अमेरिका-जपान उपग्रह मोहिमेच्या वैज्ञानिक प्रमुख होत्या. २७ नोव्हेंबर १९९७ रोजी जपानच्या तानेगाशिमा बेटावरून तो उपग्रह झेपावला. अंतराळातून पाऊस मोजणारे पहिले रडार त्यावर होते. तीन वर्षांसाठी आखलेली मोहीम १७ वर्षांहून अधिक चालली. कोकणापासून विदर्भापर्यंतचा आपला पाऊसही त्या रडारच्या कक्षेत येत होता. यश निःसंशय मोठे आहे.

२८.
पण हा युक्तिवाद वाचलेल्याला मोजतो आणि बुडालेल्यांना विसरतो. युद्धकाळात ज्या स्त्रिया हवामानशास्त्र शिकल्या आणि शिकवूनही घरी पाठवल्या गेल्या, त्यांतील प्रत्येकीला एक हर्बर्ट रील भेटला नाही. त्यांनी कोणते प्रश्न विचारले असते, हे सांगता येत नाही, आणि नेमके म्हणूनच ते नुकसान कोणत्याही इतिहासात नोंदले जात नाही. जोआन यांच्या यशाने व्यवस्था निर्दोष ठरत नाही. इतक्या अडथळ्यांनंतरही ज्या विषयातून एवढे निघाले, तो विषय किरकोळ ठरवणारी व्यवस्था किती चुकली होती, हेच त्यातून सिद्ध होते.

२९.
आता पद्धतीविषयी थोडे, कारण हा धागा वाचणाऱ्यांतले अनेक जण उद्या स्वतः संस्थांचे इतिहास लिहितील. ग्रंथालयाच्या सूचीत जोआन यांचे काम विवाहानुसार बदललेल्या आडनावांखाली विखुरलेले आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे निबंध ‘माल्कस’ या नावाने, नंतरचे ‘सिम्प्सन’ या नावाने. रॉस्बी यांचा शोध एका आडनावाने पुरा होतो. जोआन यांचा होत नाही. जो अभ्यासक सूचीवर डोळे झाकून विसंबेल, त्याच्या हाती एक थोर पुरुष आणि दोन मध्यम दर्जाच्या स्त्रिया लागतील. अभिलेखागारे निःपक्षपाती नसतात. त्यांनाही उलटतपासणी लागते.

३०.
१९८३ मध्ये अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीने जोआन सिम्प्सन यांना आपला सर्वोच्च वैज्ञानिक सन्मान दिला. त्या पदकाचे नाव कार्ल-गुस्ताफ रॉस्बी पदक. १९८९ मध्ये त्या त्याच सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. पदकावर नाव रॉस्बींचे आणि ते मिळाले ढगांवरच्या कामासाठी, ज्या ढगांत तेव्हा कोणाला रस नव्हता. यात कोणी काव्यगत न्याय पाहील. इतिहासाच्या विद्यार्थ्याने चौतीस वर्षे मोजावीत: १९४९ च्या पदवीपासून १९८३ च्या पदकापर्यंत.

३१.
म्हणून ‘युद्धाने विज्ञान घडवले’ असे लिहिलेले पुढच्या वेळी वाचनात येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. तेच युद्ध असूनही बंद पडलेला विभाग कोणता? त्या शोधाच्या आधी, दुसऱ्या भाषेत, तोच शोध कोणी लिहून ठेवला होता? आणि १९४५ मध्ये वर्गातून घरी कोणाला पाठवले? या तिन्हींची उत्तरे न देता संपणारा इतिहास तसबिरींचा इतिहास आहे. तो आदराने पाहावा आणि मग दाराशी जाऊन खरा इतिहास लिहायला बसावे.